संगीत-निर्माता म्हणजे कोण?

रेडिओवर गाणं लागलं की निवेदक तीन नावं सांगतो. गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं, आणि गायलं आहे अमुक अमुक ह्यांनी. आपण ती नावं ऐकतो आणि गाणं मनात भरलं तर लक्षातही ठेवतो. पण पुष्कळदा त्या गाण्यामागे चौथा एक माणूस असतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. हे गाणं व्हायला हवं, असं पहिल्यांदा त्याला वाटलेलं असतं. कवीच्या मागे तोच लागलेला असतो. गाणारा कोण, वाजवणारे किती, गाणं किती मिनिटांचं, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी ते गाणं आपल्या कानांवर पडलं नाही, तर जाबही त्यालाच विचारला जातो. ह्या माणसाला संगीत-निर्माता म्हणतात.

शब्द मोठा घोटाळ्याचा आहे खरा. नाटक-सिनेमावाल्यांच्या भाषेत निर्माता म्हणजे पैसा घालणारा. आकाशवाणीवर निर्माता हा पगारी माणूस. त्याच्या खिशातली दमडी खर्च होत नाही. आणि आज आकुर्डी-निगडीतल्या एखाद्या तरुणाला विचारलं, 'बाबा, तू काय करतोस?' तर तो सांगतो, 'मी म्युझिक प्रोड्यूसर आहे.' त्याच्या मनात अर्थ असतो तो असा, की संगणकावर ठेका बसवायचा, वाद्यं भरायची, गायकाचा आवाज मुद्रित करायचा आणि सगळं एकजीव करून द्यायचं. म्हणजे एका शब्दाच्या पोटात तीन धंदे झाले : एक पैशाचा, एक जबाबदारीचा, एक हत्यारांचा. ह्यांतला मधला अर्थ लोकांच्या ध्यानात सर्वांत कमी राहतो, आणि माझ्या मते खरा निर्माता तोच. तो कसा घडत गेला हे पाहायला फार लांब जायला नको. चाकणपासून पुण्यापर्यंतचा मुलूख पुरेसा आहे.

चाकणच्या कारखान्यांकडून इंद्रायणीच्या बाजूला आलात की आळंदी लागते. माउलींच्या मंदिराच्या महाद्वाराशी एक पायरी आहे. तिला हैबतबाबांची पायरी म्हणतात, आणि कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजनानं सुरू होतो. हे हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस पुढे सगळं सोडून आळंदीला येऊन राहिला. पालखी त्यांच्या आधीपासून होतीच. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनी 1685 मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला नेण्याची प्रथा घातली होती. पण आज जो आळंदीचा सोहळा आपण पाहतो, त्याला शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी. दिंड्यांचा क्रम, रथापुढे कोण आणि रथामागे कोण, विणेकरी कुठे, टाळकरी कुठे, मृदंग कुठे, कोणत्या वेळी कोणते अभंग, मुक्काम कुठे, हे सगळं त्यांच्या काळात बसत गेलं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, वासकरांसारखे सहकारी लाभले. लोक हैबतबाबांचं नाव घेतात ते चाल बांधणारे म्हणून नव्हे, तर व्यवस्था लावणारे म्हणून. अभंग संतांचे, गळा वारकऱ्यांचा. पण हजारो माणसांनी मैलोन् मैल चालत एका तालात गायचं, तर कुणी तरी आधी बसून विचार करावा लागतो.

वारीला गेलेल्यांनी मुक्कामावरची समाजआरती पाहिली असेलच. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या, टाळांचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. चोपदार हातातला दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढी दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, आणि नंतरच आरती होते. गुरुजन हो, निर्मात्याचं काम मुलांना समजावून सांगायचं असेल तर परदेशातला दाखला शोधू नका, हा द्या. चोपदार स्वतः गात नाही. पण कधी गायचं, कधी थांबायचं, आणि कुणाचा टाळ अजून का वाजतो आहे, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

आता जरा मोठी उडी. 1902 साली फ्रेड गाइसबर्ग नावाचा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तोवर आपल्याकडचं गाणं घटकेच्या हिशेबानं चालत असे. एक राग तासभर, रंगला तर दोन तास. तबकडीच्या एका बाजूला मावायचं ते तीन मिनिटांच्या आसपास. मग तासाभराच्या गाण्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? हा प्रश्न आपल्या संगीतापुढे पहिल्यांदाच असा रोखठोक उभा राहिला. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, मोठा कर्णा असे. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं. मेणाच्या त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. गाणं संपलं की गौहरजान आपलं नाव मोठ्यानं सांगे. परक्या देशातल्या कारागिरांना तबकडी कुणाची ते कळावं म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे गाणाऱ्याचं नाव तबकडीतच कोरलं गेलं. तीन मिनिटांत काय ठेवायचं ह्याची वाटाघाट ज्यानं गायकाशी केली, त्याचं नाव मात्र ऐकणाऱ्याला कधी कळलं नाही. ही रीत पुढे बराच काळ चालली.

आपल्या भागात ह्या कामाला नाव आणि खुर्ची मिळाली ती रेडिओमुळे. आकाशवाणीचं पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं. तो काळ आकाशवाणीला अवघड होता. बा. वि. केसकर हे 1952 पासून माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांना सिनेमाची गाणी रुचत नसत. त्यातच चित्रपट-निर्मात्यांशी खात्याचं बिनसलं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविध भारती सुरू करून खात्याला ती सुई परत फिरवून आणावी लागली. लोकांना न आवडणारी गोष्ट सक्तीनं ऐकवता येत नाही. मंत्र्यांचं धोरण ह्या बाबतीत चुकलं, असंच मला वाटतं. पण त्या चुकीतून एक चांगली गोष्ट निपजली. सिनेमाची गाणी नाहीत म्हटल्यावर प्रत्येक केंद्राला आपली गाणी आपणच तयार करणं भाग पडलं. सुगम संगीताचे विभाग निघाले. कवी हवे, चाली बांधणारे हवे, वाजवणारे हवे, आणि ह्या सगळ्यांची मोट बांधणारा एक माणूस हवा. नामवंत लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून आकाशवाणीवर बोलावण्याची पद्धत त्याच दशकात रुजली. हिंदीत सुमित्रानंदन पंतांसारखे कवी आले, मराठीत पु. ल. देशपांडे आले. मुंबई केंद्रावर यशवंत देवांनी सुगम संगीताचं काम वर्षानुवर्षं केलं.

पुणे केंद्रावर त्या वेळी सीताकांत लाड नावाचे अधिकारी होते. कवी ग. दि. माडगूळकर हे त्यांचे स्नेही. लाडांच्या मनात असं होतं, की वर्षभर चालेल, करमणूक करील आणि काही चांगलं देईल असा कार्यक्रम हवा. दोघांच्या बोलण्यातून रामायण गाण्यांत सांगण्याची कल्पना निघाली. चालींचं काम सुधीर फडक्यांकडे आलं. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. सकाळी पावणेनऊ वाजता गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. त्यानंतर दर शुक्रवारी नवं गाणं, आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा. बेत बावन्न आठवड्यांचा होता. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, रामनवमी लांबली, आणि गाणी छप्पन्न झाली. शेवटचं गाणं 19 एप्रिल 1956 रोजी, पुढच्या रामनवमीला लागलं.

छप्पन्न हा आकडा आपण सहज म्हणून जातो. जरा थांबून हिशेब करा. दर आठवड्याला एक नवी कविता, आणि ती सुटी कविता नव्हे, गोष्टीतला पुढचा प्रसंग. तिला नवी चाल. ज्या पात्राच्या तोंडी गाणं आहे, त्याला शोभेल असा गळा. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, गजाननराव वाटवे, मालती पांडे, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर असे किती तरी गळे त्या वर्षात लागले. (आज बहुतेकांच्या घरी जे गीतरामायण वाजतं, ते सगळं फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं, पुढे ध्वनिमुद्रिकांसाठी केलेलं आहे. मूळचं रेडिओवरचं गीतरामायण अनेक आवाजांचं होतं, हे तरुण मंडळींना सांगावं लागतं.) ह्यांतला प्रत्येक जण आपापल्या उद्योगात गुंतलेला. कुणाची मैफल, कुणाचा दौरा, कुणाचा घसा बसलेला. वादकांच्या तारखा वेगळ्या, तालमीची खोली वेगळ्या वेळी मोकळी. शुक्रवार मात्र कुणासाठी थांबत नाही. प्रतिभा आली तर गाणं, नाही तर पुढच्या आठवड्यात, ही सवड मैफलीच्या गवयाला असते. पावणेनऊच्या ठोक्याला बांधलेल्या माणसाला ती नसते. धंदेवाईक हा शब्द आपण उगाच हिणवून वापरतो. त्याचा चांगला अर्थ हा असा शुक्रवारी सापडतो.

पहिल्याच गाण्याची हकीकत प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी कविता वेळेवर लिहून दिली होती आणि फडक्यांच्या हातून तो कागद हरवला. मुद्रणाची वेळ येऊन ठेपली. माडगूळकर रागावले, आणि त्यांनी रागावणं साहजिकच होतं. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवलं, लिहिण्याचं साहित्य पुढे ठेवलं आणि गाणं हाती येईपर्यंत दार उघडायचं नाही असं ठरवलं. पंधरा मिनिटांत माडगूळकरांनी गाणं आठवून लिहून दिलं, असं सांगतात. आता ह्यात निर्मात्याचं काम कोणतं? कवितेतला एक शब्द लाडांचा नाही, चालीतला एक सूर त्यांचा नाही. त्यांनी फक्त दाराला कडी घातली. पण नेमकी कुणाला कोंडायचं, कधी कोंडायचं, आणि कोंडल्यावर हा कवी रुसून निघून जाणार नाही, उलट लिहील, ही पारख त्यांच्यापाशी होती. ती पारख विद्यापीठात शिकवत नाहीत.

माडगूळकरांचं 'पंचवटी' हे घर पुणे-मुंबई रस्त्यावर वाकडेवाडीला. तोच रस्ता पुढे खडकी, दापोडी ओलांडून पिंपरीला जातो. 1955 हे साल पिंपरीच्याही इतिहासात लक्षात ठेवण्यासारखं आहे. हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात त्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तेव्हा पिंपरी-चिंचवड म्हणजे सुटी सुटी गावं होती, नगरपालिका व्हायलाच 1970 उजाडायचं होतं. आणि गीतरामायणाचे शेवटचे आठवडे चालू असताना, 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पुणे केंद्रानं आणखी एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळं स्थापन झाली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. युनेस्कोनं ह्या प्रयोगाची दखल घेऊन त्यावर पुस्तक काढलं. एकाच इमारतीतून, एकाच महिन्यात, रामायण आणि शेतीची चर्चा. दोन्हीकडे काम तेच होतं : बोलणारा आणि ऐकणारा ह्यांची गाठ वेळेवर घालून द्यायची.

मुद्रणाच्या खोलीत निर्माता नेमकं काय करत असे, तेही थोडं पाहू. त्या काळी प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन देऊन मागाहून आवाज कमीजास्त करण्याची सोय नव्हती. एक-दोन मायक्रोफोन आणि त्यांच्याभोवती बसलेली माणसं. मग तबला मोठा वाटला तर तबलजीला हातभर मागे सरकवायचं, बासरी ऐकू येत नसेल तर बासरीवाल्याला पुढे घ्यायचं. पेटीचा प्रश्नच नव्हता, कारण आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती. सारंगी, व्हायोलिन, बासरी ह्यांवर भागवावं लागे. हे झालं की काचेपलीकडच्या खोलीत बसून ऐकायचं. एका वादकाची चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ध्वनिफीत आली तेव्हा पातीनं कापून जोडण्याची सोय झाली, पण जोड कानाला कळू नये हे कसब वेगळं. आणि शेवटी कागद. कार्यक्रमाबरोबर एक तक्ता जातो. त्यात गीताचं नाव, कवी, संगीतकार, कलावंत, मिनिटं आणि सेकंद भरावे लागतात. लोकांना हे कारकुनी काम वाटतं. पण गाणं पुन्हा वाजलं तर मानधन कुणाला, आणि तीस वर्षांनी कुणी विचारलं तर गाणं कुणाचं, ह्याचं उत्तर त्या तक्त्यातच असतं.

ह्या सगळ्याहून अवघड गोष्ट स्वभावाची. पुणे केंद्रावर सुगम संगीताचं काम पाहणारे राम फाटक हे स्वतः उत्तम गात. गीतरामायणातल्या गायकांत त्यांचं नाव आहेच. तरी त्यांची मोठी कामगिरी दुसऱ्यांकडून गाऊन घेण्यात झाली. 'स्वरचित्र' ह्या कार्यक्रमासाठी त्यांनी नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' हा अभंग बांधला आणि तो दिला भीमसेन जोशींना. ख्यालगायक म्हणून गाजत असलेल्या ह्या गळ्यातून अभंग कसा येईल, हे आधी कानांत ऐकू यावं लागतं. पुढे 'संतवाणी'च्या मैफलींनी भीमसेनांचे अभंग घरोघर गेले. आळंदी-देहूच्या रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ते ऐकू येतात. स्वतःला गाता येत असताना, 'हे माझ्या गळ्याचं नाही, त्यांच्या गळ्याचं आहे' असं म्हणणं फार थोड्यांना जमतं.

असाच दुसरा माणूस म्हणजे जी. एन. जोशी. कायद्याचे पदवीधर, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले लोकप्रिय गायक. 1938 साली ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत मुद्रणाच्या कामावर गेले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी इतरांचं गाणं तबकडीवर आणलं. मुद्रणाला नाखूष असलेल्या उस्तादांची मनधरणी करणं, त्यांच्या लहरी सांभाळणं, हा त्यांच्या नोकरीचाच भाग. 1967 मध्ये त्यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका काढली. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, वेळेवेळेच्या रागांतून, अशी तिची कल्पना. तिन्ही वादक तेव्हा तरुण होते. ती तबकडी जगभर गेली. वादकांची नावं आज सगळ्यांना ठाऊक आहेत. जोशींचं नाव जुने संग्राहक सांगतात.

आता आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे येऊ. साठीच्या दशकापासून पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चिंचवड इथं मोठे कारखाने उभे राहिले. नंतर चाकणचा पट्टा वाढला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, सगळीकडून माणसं आली, आणि येताना आपापलं गाणं घेऊन आली. कुणाचं भारूड, कुणाची भीमगीतं, कुणाचं जाखडी, कुणाची अहिराणी लग्नगीतं. पाळी संपल्यावर खोल्याखोल्यांत भजनी मंडळं बसू लागली. पूर्वी ह्या मंडळांना आपलं गाणं मुद्रित करायचं तर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओचं भाडं परवडत नसे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि खर्च उतरला. आता तर संगणक, एक मायक्रोफोन आणि भिंतीला चिकटवलेली फोमची चौकटी एवढ्यावर दोन खोल्यांच्या घरात मुद्रण होतं. दिवसा कारखान्यात आणि रात्री कानाला हेडफोन लावून संगणकापुढे, अशी मुलं ह्या भागात आहेत. गावजत्रेचं गाणं, निवडणुकीचं गाणं, देवीचं गाणं, लग्नाची चित्रफीत. काम पुष्कळ आहे.

पण पूर्वी दहा जण मिळून जे करत, ते ह्या एका पोरावर येऊन पडलं आहे. लाडांचं, फडक्यांचं, वादकांचं आणि काचेमागच्या तंत्रज्ञाचं काम तो एकटा करतो. हत्यारं त्याला येतात. ती संगणकावर कुणालाही शिकता येतात. अडतं ते पुढेच. ओळखीच्या पुढाऱ्याच्या पुतण्याला गायचं असतं आणि त्याचा सूर लागत नसतो. संगणकात सूर सरळ करायची युक्ती असते. ती वापरायची, की 'आठ दिवस रियाज करून या' म्हणायचं? पहिल्यानं पैसे लगेच मिळतात. दुसऱ्यानं गिऱ्हाईक जाण्याची भीती असते. भोसरीतल्या छोट्या कारखानदाराला विचारा, तो सांगेल : मापात न बसणारा भाग एकदा पुढे ढकलला की तो मोठ्या कारखान्यातून परत येतो, आणि सोबत पुढची ऑर्डरही घेऊन जातो.

दुसरी अडचण हक्काची, आणि तिच्याबद्दल ह्या मुलांना फार कमी माहिती असते. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याची व्याख्या आहे : ते मुद्रण करण्यात जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो, तो निर्माता. किती नेमकी व्याख्या आहे पाहा! हत्यारांचा त्यात उल्लेखच नाही. ह्या निर्मात्याला कायदा त्या मुद्रणाचा कर्ता मानतो, आणि प्रसिद्धीनंतर साठ वर्षं तो हक्क चालतो. पण व्यवहारात काय होतं? कंपनी किंवा मंडळ काम सांगतं, पैसे देतं. पुढाकार आणि जबाबदारी आपली आहे असं तेच म्हणतं. आणि स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणवणारा तरुण कायद्याच्या दृष्टीनं निर्माता ठरत नाही. तो ठोक मजुरी घेतो आणि मोकळा होतो. गाणं लाखो लोकांनी ऐकलं तरी त्याला पुढे दिडकी मिळत नाही.

त्याला एक वाट आहे. त्या गाण्याची चाल त्यानं स्वतः बांधली असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं तो संगीतकार ठरतो, मग ती चाल त्यानं कागदावर स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार ह्यांच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिलं. तो वाटा परस्पर सोडून देण्याचा करारही चालत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मात्र नोकरीत असताना मालकासाठी केलेलं काम साधारणपणे मालकाचं. म्हणून नोकरी कोणती आणि ठेक्याचं काम कोणतं, हे आधी बोलून घ्यावं. दोस्तीतलं काम आहे, कागद कशाला, असं म्हणणारा दोस्त बहुधा गाणं गाजेपर्यंतच दोस्त असतो.

गुरुजनांना आणखी एक काम सांगतो. तुमच्या शाळेत स्वागतगीत होतं, गावात भजन होतं, एखादी आजी जात्यावरच्या ओव्या सांगते, आणि हल्ली हे सगळं कुणी ना कुणी मोबाइलवर मुद्रित करतं. त्या फाइलीला 'नवीन गाणं 2' असं नाव पडलेलं असतं. शाळेच्या कपाटात एक वही ठेवा. तारीख, गाव, गीत कुणाचं, चाल कुणाची, गायलं कुणी, साथ कुणाची, मिनिटं किती, इतके रकाने आखा. आणि शेवटी एक रकाना आणखी आखा : हे मुद्रण कुणाच्या सांगण्यावरून झालं. वर्गातल्या ज्या पोरानं आजीला बोलतं केलं, शेजारचा पंखा बंद करायला लावला आणि मोबाइल नीट धरला, त्याचं नाव तिथं लिहा.